टिचकीचे गुरुजी

सोमाजी गुरुजींशी माझी पहिली ओळख त्यांच्या ओरडण्याने झाली. नवेगाव बांधच्या शाळेत सहायक शिक्षक म्हणून रुजू व्हायला आलो, तर हेडमास्तर तलावातल्या बेटावर! डोंग्यातून तिकडे उतरलो मात्र, "पाय उचला!" अशी त्यांची गर्जना झाली. माझ्या जोड्याखाली बोराएवढा बेडूक चिरडता चिरडता वाचला होता.

टिचकी वाजवावी तसा त्याचा आवाज, म्हणून गावचे मासेमार ढिवर त्याला टिचकीच म्हणतात. गुरुजींनी तलावाचा काठ, धानाच्या बांध्या, केशोरीकडचे नालेसुद्धा धुंडाळले. बेटावरच्या ओल्या कपारींखेरीज तो त्यांना कुठेच आढळला नाही.

गुरुजी हट्टी आहेत, हे त्यांच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथातही लपवणार नाही. पण मला हिवताप आला तेव्हा याच हट्टी माणसाने आठ दिवस स्वतः पेज शिजवून मला भरवली आणि माझे वर्गही घेतले.

एका वर्षी मृग कोरडा गेला, आर्द्राही गेल्या. अशा वेळी मुसळाला बेडूक बांधून दारोदार पाणी मागण्याची आमच्याकडे रीत आहे. टिचकीच्या हाकेलाच पाऊस येतो असे कुणी तरी म्हणाले आणि लोक टोपल्या घेऊन बेटाकडे निघाले. गुरुजी घाटावर आडवे उभे राहिले.

"धानाचे पऱ्हे वाळून राह्यले गुरुजी, अन् तुमी बेडकासाठी आडवे येता? कायले?" म्हाताऱ्या रखमाबाई ढिवरणीने तोंडावर विचारले.

गुरुजींनी हात जोडले. "माह्याच हातानं सहा टिचक्या मेल्या, बाई. वंश वाढंल म्हणून शाळेच्या विहिरीत आणून सोडल्या, चवथ्या दिवशी पोट वर करून तरंगल्या. बेटाबाहेर ते जीव जगत नाई. तुमाले बेडूकच पायजे ना? मी होतो बेडूक."

त्यांनी पागोटे उतरवले, अंगाला कडुनिंब गुंडाळला आणि मुसळामागे दारोदार उड्या मारल्या. पहिली घागर रखमाबाईनेच त्यांच्या डोक्यावर ओतली. मी मात्र लाजेने शाळेच्या दाराआड लपलो होतो, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

पाऊस लांबला तो लांबलाच, पण टोपल्या रिकाम्या परतल्या. तेव्हापासून पावसाने ओढ दिली की गाव गुरुजींच्या दारी येते, बेटावर कोणी जात नाही. टिचक्या अजून वाजतात.

गुरुजी साठीचे झाले, गुडघे कुरकुरतात. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो आणि ते त्यांनी काठावर बसून त्या टिचक्या ऐकण्यात घालवावे. यंदा पाऊस लांबलाच, तर रखमाबाई, पहिली घागर माझ्या डोक्यावर ओता.