शब्द मागणारी बाई

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या छोट्या रेडिओ केंद्रात एक बाई कॉम्प्युटरवर बसते. लोकांची रेकॉर्डिंगं तिनं शब्द न् शब्द टाइप केलीत. कुठला शब्द कुठल्या रेकॉर्डिंगात आहे, याची वेगळी यादीही लावलीय, म्हणजे शोधताना सगळं उपसायला नको. बोलते फटकळ, माझ्यासारखीच. म्हणून मला आवडते.

बायको गेल्यावर मी तिच्याकडं गेलतो. म्हटलं, "आमच्या हिनं तुमच्या रेडिओवर पांढऱ्या रश्श्याची रेसिपी सांगितलीती. स्वतःचं नाव सांगायला लाजली. आवाज ऐकायचाय."

"पावणं, कोल्हापुरात रस्सा शोधू व्हय? ढीग निघंल की! दुसरी कुठली बाई बोलणार न्हाय असा शब्द सांगा."

लाज वाटली, पण सांगितलं. "बुलडोझर. मला म्हणायची."

ती खदाखदा हसली. बटण दाबलं तसं एकच रेकॉर्डिंग आलं. हेडफोन माझ्या कानावर चढवून ती बाहेर गेली.

"आमचं बुलडोझर तोंडानं कधी चांगलं म्हणत न्हाय," आमची ही कानात सांगत होती, "पण मटणाचा मऊ तुकडा माझ्याच ताटात टाकतंय."

मला वाटायचं, तिला ते दिसतच नाही.

दाराबाहेर ती बाई कुणाला तरी दटावत होती, "आत जाऊ नका. मोठं काम चाललंय."