माझ्या नावाची ओळ

गोंदियाच्या फलाटावर गाडी लागली, तेव्हा बाबा माझ्या बॅगेच्या चेनला सुतळी बांधत होते. चेन चांगली होती, पण त्यांच्या हाताला काहीतरी काम हवं होतं. येताना आम्ही नागऱ्याला महादेवाच्या पाया पडून आलो होतो. मायच्या कपाळावरचं भस्म घामानं ओघळलं होतं आणि ती पुसत नव्हती. गाडी सुटायच्या आधी ती खिडकीशी आली आणि म्हणाली, "जाऊन राहिली त जा. पन तिकडं जाऊन इकडचं रडत बसू नोको, आन इकडं येऊन तिकडचं सांगत बसू नोको."

पुढे मी दोन्ही केलं. तुमच्यापैकी जे निघून गेले त्यांनीही केलंच असेल, आणि जे मागे राहिले त्यांनी आमचं दोन्ही ऐकून घेतलं असेल.

चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी ज्या बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना, मिळतं, तिथे आमची धानाची शेती. मी नर्सिंग शिकायला नागपूरला गेले, तिथून नोकरीला पुण्याला, आणि तिथून आयर्लंडला. दरवेळी वाटायचं, आता इथे जीव लागेल. लागत नसे. माय म्हणायची, हिच्या पायाले भोवरा हाय.

आयर्लंडमधलं माझं गाव समुद्राकाठचं. म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममध्ये ड्यूटी. वारा सतत, पण त्या वाऱ्याखाली एक शांतता असायची आणि ती मला सोसत नसे. म्हणून खोलीत आले की कानात इअरफोन. हिंदी गाणी, भजनं, कधी मराठी मालिका, काहीही. जेवताना, भांडी घासताना, बसची वाट पाहताना. मी ऐकत नव्हतेच, कान बुजवत होते.

केअर होमच्या स्वयंपाकघरात जॉर्जियाची एक बाई होती. तिचं नाव नाना. आमच्याकडे नाना म्हणजे टोपीवाला वयस्कर माणूस, म्हणून पहिले काही दिवस तिला हाक मारताना मला हसू यायचं. ती साठीकडे झुकलेली, जाडजूड, कमी बोलणारी. एकदा चहाच्या सुट्टीत तिनं विचारलं, तू सारखं काय ऐकतेस? मला नुकतंच संपलेलं गाणंही आठवेना. त्याच आठवड्यात ती मला गावच्या वाचनालयात घेऊन गेली.

तिथे दर गुरुवारी संध्याकाळी दहा-बारा जण जमत. कुणी मालीचा, कुणी मंगोलियाची, काही तिथलेच आयरिश. दरवेळी एकानं आपल्या मुलखातलं जुनं संगीत आणायचं, गाऊन किंवा रेकॉर्ड लावून. पहिल्यांदा ऐकताना कुणी बोलायचं नाही, एवढाच नियम.

त्या दिवशी नानाच्या गावची पाळी होती. तीन पुरुषांचे तीन आवाज, तिन्ही वेगळंच काही म्हणत होते आणि एकमेकांना घासत होते. मला वाटलं, बेसूर गात आहेत. माझा पाय हलायला लागला. ढोलकी कधी येते याची मी वाट पाहत होते, आणि ती येणार नव्हती. मी उठून बाहेर जाऊन उभी राहिले.

नाना मागून आली. रागावली नव्हती. म्हणाली, तू गाणं तुझ्याकडे येण्याची वाट पाहतेस. सगळ्यात खालचा आवाज धर आणि त्याच्यासोबत चालत राहा. बाकीचे दोघे कुठे जातात ते आपोआप कळेल.

मला ते लगेच जमलं नाही. पण गुरुवारी मी जात राहिले, कारण खोलीत बसवत नव्हतं. मालीचा माणूस भोपळ्याचं तंतुवाद्य वाजवायचा. त्याचा नुसता अंगठा ऐकायला लागले, तेव्हा कळलं की अंगठा जमिनीवर चालतो आणि बाकीची बोटं वर उडतात. मंगोलियाच्या मुलीनं आपल्या काकाची रेकॉर्ड लावली. एकाच गळ्यातून खाली घरघर आणि वर शिट्टी. मी आधी घरघरीलाच कंटाळले होते, त्यामुळे शिट्टी मला दुसऱ्या वेळी ऐकू आली. एक आयरिश आजी डोळे मिटून, कुठल्याही वाद्याशिवाय गायची. शेजारचा माणूस तिचा हात हातात घेऊन चरकासारखा हळूहळू फिरवायचा. गाणाऱ्याला एकटं सोडायचं नाही, अशी तिथली जुनी रीत.

हळूहळू इअरफोन ड्रॉवरमध्ये गेले. शांतता आता बोचत नव्हती, पण जीवाची घालमेल थांबली असं म्हणता येणार नाही. उलट कान मोकळा झाला आणि त्यात गाव शिरायला लागलं.

मग माझी पाळी आली. मी फोनवर एक प्रसिद्ध भजन शोधून ठेवलं. नानानं विचारलं, तू हे ऐकत मोठी झालीस का? नव्हते झाले. मी मोठी झाले ते रोवणीच्या चिखलात. आमच्या गावच्या बाया धान रोवताना म्हणायच्या त्या गाण्यांत. लहानपणी मला त्यांचा कंटाळा यायचा. एकच चाल, दिवसभर.

मायला फोन केला आणि म्हटलं, ते गाणं म्हणून दाखव. ती म्हणाली, "ते का गाना हाय का? कंबर दुखते म्हून तोंड चालते." फोनवर ती काही केल्या म्हणेना. शेवटी रोवणीच्या दिवसांत रजा काढून मी गावी गेले.

गाव बदललं होतं. रोवणीला आलेल्या बायांनी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून स्पीकर ठेवला होता आणि त्यावर हिंदी गाणी दणकत होती. मी मायला पडवीत बसवून फोन समोर ठेवला. तिनं पदर सावरला, घसा खाकरला, दोन ओळी म्हटल्या आणि थांबली. आवाज शाळेत कविता म्हटल्यासारखा येत होता. ती म्हणाली, असं बसून नाही येत. मग उठता उठता म्हणाली, "ऐकाचं असन त चिखलात उतर."

दुसऱ्या दिवशी मी साडी खोचून बांधीत उतरले. मायनं स्पीकर बंद करायला सांगितला. दोन तरुण पोरी कुरकुरल्या, कमलाकाकू हसल्या. कमलाकाकू मायच्या बरोबरीच्या, जन्मभर तिच्या शेजारच्या पातीला, म्हणजे शेजारच्या पट्ट्यात, रोवत आलेल्या. माझे दोन्ही हात रोपांच्या पेंड्यांत आणि चिखलात, त्यामुळे रेकॉर्ड करणं शक्यच नव्हतं. मायनं वाकूनच सुरुवात केली.

"ही पात कोनाची गं? कमलाची."

कमलाकाकूंनी उत्तर दिलं, "आली मी आली, चिखल तुडवत आली."

माय एकेकीचं नाव घेई आणि जिचं नाव ती ओळ उचले. एकीची ओळ संपायच्या आत मायची पुढची ओळ सुरू होई, आणि दोन आवाज क्षणभर एकमेकांना घासत. त्या घासण्यातून मला नानाच्या गावचे तीन पुरुष ऐकू आले. लहानपणापासून जे कानावर पडत होतं, ते मी परक्या देशात शिकून आलेल्या कानानं पहिल्यांदा ऐकत होते. मी मायचा आवाज धरला आणि त्याच्यासोबत चालत राहिले.

मग ती म्हणाली, "ही पात कोनाची गं? ज्योतीची."

कुणीच उत्तर दिलं नाही. सगळ्या बाया गप्प राहून एक ओळभर रोवत राहिल्या आणि माय पुढच्या नावाकडे गेली. ज्योती म्हणजे मी. मला कळायलाच वेळ लागला. मी गेल्यापासून दर रोवणीला, स्पीकर लावायच्या आधी एक फेरी तरी, त्या माझं नाव घेत होत्या आणि माझी ओळ रिकामी सोडत होत्या. मी शेजारी असूनही त्यांनी सवयीनं ती सोडली, आणि मीही ऐकण्याच्या नादात सोडू दिली.

मायनं मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं. "हायेस का नाही तू?"

दुसऱ्या फेरीत माझं नाव आलं तेव्हा मी ओळ उचलली. सूर चुकला, शब्दही मागेपुढे झाले. तरुण पोरी हसल्या. मायनं मात्र माझी ओळ संपायच्या आत पुढचं नाव घेतलं, जसं सगळ्यांचं घेत होती तसंच. माझे डोळे भरून आले, पण हात चिखलाचे, त्यामुळे पुसता आले नाहीत.

परत आल्यावर गुरुवारी मी वाचनालयात सांगितलं की माझ्याकडे रेकॉर्ड नाही. मग टेबलं बाजूला सरकवली आणि आयरिश आजी सोडून सगळ्यांना वाकून उभं केलं. ओळीचा अर्थ सांगितला, उत्तर ज्यानं त्यानं आपल्या भाषेत द्यायचं ठरलं. मी एकेकाचं नाव घेत गेले. नानानं जॉर्जियन भाषेत ओळ उचलली, तीही माझी ओळ संपायच्या आत. मालीच्या माणसानं उचलली, आयरिश आजीनं बसल्या जागेवरून उचलली. सगळ्यात शेवटी मी म्हटलं, "ही पात कोनाची गं? पार्वताची."

पार्वता म्हणजे तिकडे गावी असलेली माझी माय, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तरी कुणी मध्ये बोललं नाही. सगळे वाकलेले, त्या एका ओळीपुरते गप्प. नानानं माझा हात धरला.

पूर्वी वाटायचं, मी निघाले तशी गावानं माझी जागा भरून काढली असेल, आणि त्या विचारात थोडी सुटका होती. आता ती सुटका उरली नाही. पायातला भोवरा अजून फिरतोच आहे. पुढच्या आषाढातली रजा मी आत्ताच मागून ठेवली. केअर होमच्या मॅनेजरबाईंनी विचारलं, घरी लग्न आहे का? मी म्हटलं, नाही, तिथे माझं नाव घेतात आणि उत्तराची वाट पाहतात. त्यांना ते विशेष कळलं नसावं, पण रजा दिली. घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर आता माझ्याकडे त्यांना दिलं तेवढंच उत्तर आहे.