आधी तोंडावर वाच

ज्याच्याविरुद्ध तुम्ही लिहिता, त्याच्या घरी जाऊन, त्याच्यासमोर बसून ते वाचून दाखवलंय कधी? मीही दाखवलं नव्हतं. मारोतीमामांनी दाखवायला लावलं.

मामा म्हणजे एसटीचे निवृत्त कंडक्टर आणि आमच्या पक्षाचे लोहा तालुक्याचे चिटणीस. पक्षाचं नाव सांगत नाही. सांगितलं तरी तुम्ही ऐकलेलं नसेल. राष्ट्र आधी, बाकी सगळं नंतर, असं म्हणणारा, नांदेड आणि लातूर मिळून पन्नासेक माणसांचा पक्ष. अख्खा पक्ष एका टेम्पोत मावतो अशी लोक चेष्टा करायचे. माझे वडील त्या टेम्पोतले. आमच्या घरी फळीवर डब्यांखाली पक्षाची जुनी पत्रकं अंथरलेली असत. ‘बदक’ वाचता येण्याआधी मला ‘धिक्कार’ वाचता येत होतं.

अठराव्या वर्षी मी पहिलं पत्रक लिहिलं. गावातल्या पाण्याच्या टाकीचं काम रखडलं होतं, आणि ते एका मोठ्या पक्षाच्या तालुकाध्यक्षामुळे रखडलं असं माझं म्हणणं होतं. मामांनी ते उभ्याउभ्या वाचलं, चष्मा खिशात घातला आणि म्हणाले, “झ्याक लिहिलंस माय. चल आता.” मला वाटलं छापखान्यात. त्यांनी स्कूटर थेट त्या तालुकाध्यक्षाच्या दारात लावली. “पोरीनं तुमच्यावर लिहिलंय, ऐकून घ्या,” म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. चहा आला. मी वाचायला लागले. तिसऱ्या ओळीत ‘देशद्रोही’ असा शब्द होता. कपात बिस्कीट बुडवणाऱ्या त्या माणसाकडे बघून तो माझ्या तोंडून निघेना. मामांनी पेन पुढं केलं. “जे तोंडावर वाचवत न्हाई, ते छापायचं न्हाई.”

तालुकाध्यक्षानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, टाकी माझ्या काळातली नाही, माझ्या आधीच्या माणसाच्या काळातली आहे; लिहायचंच तर रस्त्यावर लिही, तो माझ्याच काळात खचलाय. आम्ही रस्त्यावर लिहिलं. ते पत्रक खोडून काढणं कुणालाच जमलं नाही.

मग जिल्हा परिषदेच्या निवडणुका आल्या. लातूरच्या शाखेचं म्हणणं होतं, मोठ्या पक्षाबरोबर युती करू, निदान दोन जागा तरी येतील. आम्ही नांदेडकर म्हणत होतो, हरलो तरी चालेल, पण एकटं लढू. लातूरचे प्रमुख बब्रुवान वकील. ते आणि मामा कॉलेजपासूनचे सोबती. मामांची ड्यूटी लातूरच्या गाडीवर लागली की त्यांचं ताट वकिलांच्या घरी वाढलेलं असे.

दोन्हीकडच्यांना मधलं म्हणून अहमदपूरला बैठक ठेवली. एकाच सतरंजीवर दोन बाजूंना दोन गट बसले. मध्ये माणूस झोपेल एवढी जागा मोकळी. आम्ही त्यांना शेपूट म्हणालो, ते आम्हाला पोरखेळ म्हणाले. खरा राष्ट्रवादी कोण, यावर दोन तास गेले. मामा काही बोलेनात. उठताना तेवढं म्हणाले, “आपला पक्ष एका टेम्पोत मावतो म्हनतेत ना लोक? मग दोन टेम्पो कशाला करायलात?”

त्यानंतर आठवडाभरात मामांची छाती दुखली, त्यांना नांदेडला दवाखान्यात ठेवलं. त्याच दिवसांत मी लिहिलं: ‘घरभेदी कोण?’ बब्रुवान वकिलांवर. सुनेच्या तिकिटासाठी त्यांनी पक्ष मोठ्यांच्या दावणीला बांधला, असं त्यात होतं. नियम मला माहीत होता. पण लातूर लांब, मामा आजारी, वेळ थोडा, असं मी मनाला सांगितलं आणि दुपारी मोबाईलवरून सगळ्या ग्रुपांवर टाकून दिलं. संध्याकाळपर्यंत लातूरच्या सगळ्यांचे राजीनामे आले.

मामा दवाखान्यातून घरी आले. मला वाटलं रागावतील. चार दिवसांनी त्यांनी निरोप धाडला, “तुझा कागद घे. लातूरला जायचंय.” मामी नको नको म्हणत राहिल्या. आम्ही लातूरच्या गाडीत बसलो. माळाकोळी गेलं, अहमदपूर गेलं, मामा खिडकीतून बाहेर बघत होते.

वकिलांनी दार उघडलं, मामांना हाताला धरून आत नेलं, माझ्याकडं पाहिलंही नाही. मी वाचलं. सुनेच्या तिकिटाच्या ओळीवर आले तेव्हा त्यांची सून पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. माझा आवाज अडला.

“वाच की,” वकील म्हणाले. “मोठ्या पक्षाचे तिला तिकीट देत होते. मीच नको म्हणालो. घरातल्याला जागा मिळाली असती तर त्यासाठीच युती केली म्हणाले असते लोक, युतीचा मुद्दा मेला असता. आधी येऊन वाचलं असतंस तर एवढंच सांगितलं असतं.”

मी माफी मागितली. तशी ग्रुपांवरही मागितली. पण गेलेले परत आले नाहीत. परतीच्या गाडीत मामा एवढंच म्हणाले, “देश लई मोठा हाय म्हनतो आपण. पन्नास मान्सांत एकाला जागा करता आली न्हाई आपल्याला.”

पुढच्या उन्हाळ्यात मामा गेले. लोह्यात त्यांच्यासाठी एकाच दिवशी दोन शोकसभा झाल्या, एक आमची, एक लातूरकरांची. एकीकडून दुसरीकडे चालत जाणारी मी एकटीच.

युती चूक होती, असं मी आजही म्हणते. आणि या लेखात मी मामांविरुद्धही एक ओळ लिहिली होती: ‘अहमदपूरला ते घाबरले, म्हणून गप्प बसले.’ ज्यांना वाचून दाखवायची ते राहिले नाहीत. म्हणून मागच्या रविवारी लातूरला जाऊन वकिलांना वाचून दाखवली.

त्यांनी कागद माझ्या हातून घेऊन ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, “मारोती घाबरला न्हवता. बैठकीच्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं माझ्याकडं आला. ‘बब्रू, तू चुकायलास’ असं तोंडावर सांगितलं, अन् जेवून अहमदपूरला गेला. तोंडावर सांगितलेलं चारचौघांत परत कशाला सांगंल तो?”

चारचौघांतही सांगायला हवं होतं, असं मला वाटतं. पण ‘घाबरले’ ही ओळ मी तिथंच, वकिलांच्या पेनानं खोडली.

तुमच्या मोबाईलमध्ये आत्ता आपल्याच एखाद्या माणसाविरुद्ध काही लिहून ठेवलेलं असेल, तर ते पाठवू नका. उठा, त्याच्या दारात जा आणि त्याला वाचून दाखवा. आवाज जिथं अडेल, ती ओळ खोडा. उरेल ते खुशाल छापा.