पनवेलच्या व्यासपीठावरून वाचलेली उंची, रंग आणि गोत्र

नोकरीसाठी आमच्याकडे राहणारी माझी पुतणी मुग्धा हिने दोनशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज कादंबरीकर्तीची तीन प्रकरणे मराठीत आणली. पनवेलच्या एका वाचनालयाने ती वाचून दाखवण्याचे निमंत्रण दिले. तिचे लेखन प्रथमच परक्यांच्या कानी पडणार होते, म्हणून मी गाडी काढली.

रविवारी साडेपाचला चिंचवड सोडले. घाट सातच्या आत उतरावा. पुढे अवजड वाहने शिस्त गुंडाळून ठेवतात. कोन गावाजवळ द्रुतगती मार्ग सोडला आणि पनवेलच्या बाजारात एका कोकणी मुस्लिम गृहस्थांच्या हॉटेलात ऑम्लेट-पाव घेतला. दोघांचे दोनशेच्या आत भागते. मुग्धा कागदांवर खुणा करत होती. मालकांनी विचारले, तेव्हा तिने एक उतारा ऐकवला: तरुणाची जमीन किती हे कळेपर्यंत त्याच्या स्वभावाविषयी मत न देणाऱ्या बाईंचा.

"या तर आमच्या फुफी," मालकांना त्यांची आत्या आठवली. "इंग्लंडला कधी गेल्या?"

कार्यक्रम अकराचा, शाल-श्रीफळे आटोपेपर्यंत बारा वाजले. मग परिचय. तो दादाने, म्हणजे मुग्धाच्या वडिलांनी, साताऱ्याहून परस्पर पाठवला होता. निवेदिका ध्वनिक्षेपकावर वाचू लागल्या: उंची पाच फूट तीन इंच, वर्ण गोरा, गोत्र काश्यप, रक्तगट बी, अपेक्षा निर्व्यसनी आणि स्वतःचे घर असलेला वर. दादाने वधूवर सूचक मंडळाचा कागदच पाठवला होता. माझा संताप त्या चुकीवर नाही. निवेदिका शेवटच्या ओळीपर्यंत अडखळल्या नाहीत आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या, यावर आहे.

मुग्धा उठली. "माझी जमीन किती, तेवढं सांगायचं राहिलं," एवढेच म्हणून तिने वाचन सुरू केले. मागच्या रांगेतल्या दोघीतिघी अगदी मोकळेपणाने हसल्या.

समारोपात अध्यक्षांनी या लेखनाला 'लग्न जमण्याच्या गोड गोष्टी' म्हटले. जिने लग्नाच्या बाजाराची साल एकेका वाक्याने सोलली, तिची ही संभावना. बाहेर खारघरच्या एका बाईंनी गाठले. मुलगा द्रोणागिरीला, गोदामांच्या कंपनीत व्यवस्थापक. त्यांना जन्मवेळ हवी होती. अनुवाद कसा वाटला, असे मी कोरडेपणाने विचारले.

"छानच होता हो. मंगळ नाही ना?"

परिचय स्वतः लिहावा आणि स्वतः पाठवावा, एवढा सल्ला मी या प्रवासातून देऊ शकतो. चूक दुरुस्त करता येते. जिला ती चूकच वाटत नाही, त्या सभेचे काय करावे, हे मला अजून उमगलेले नाही.

संध्याकाळी घरी पोहोचतो तोच दादाचा फोन. कागदाच्या शेवटच्या ओळीत त्याचा क्रमांक होता, तोही वाचला गेला होता; खारघरच्या बाई त्याच्याशी बोलल्याही होत्या. चूक पथ्यावर पडली म्हणून स्वारी खुशीत. मी त्याला जे सुनावले ते इथे लिहिण्याजोगे नाही. मुग्धाने फोन मागून घेतला.

"बाबा, पत्रिका नको, ही तीन प्रकरणं पाठवा त्यांना. वाचून राग आला, तर स्थळ नको."

"आणि नाही आला तर?"

"मग पुन्हा वाचायला सांगा."