दरवर्षी उसवलेला सदरा

“चाऊस, ऊठ. तू रझाकार.”

पाचवीचा वर्ग. उमरीतली शाळा. सतरा सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिनाचं नाटक करायचं होतं आणि गुरुजी पात्रं वाटून राहिले होते. देशमुखांचा मुलगा सेनानी झाला. पाटलांच्या घरचे दोघे सत्याग्रही. एकाला झेंडा मिळाला, एकाला नुसतं घोषणा देणं. माझ्यापाशी आल्यावर गुरुजींनी हातातला कागदसुद्धा पाहिला नाही. मला काय बोलायचं असतं, असं मी विचारलं.

“तुला काय शिकवायचं रं? तुमच्या घरातलंच हाय ते.”

वर्ग हसला. मीही हसलो. दहा वर्षांचा होतो. सगळे हसत असताना एकट्यानं गप्प राहायला जी हिंमत लागते, ती तेव्हा नव्हती.

आम्ही चाऊस. नांदेडकडं आम्हाला अरबही म्हणतात. निजामाच्या काळात हद्रमौतहून, म्हणजे आजच्या येमेनमधून, अरब शिपाई इकडं नोकरीला आले. त्यांच्या वेगळ्या तुकड्या होत्या, तुकडीवर जमादार. खजिना राखायचा, कचेरी राखायची, सांगतील तिथं उभं राहायचं. अब्बांच्या आजोबांचा आजोबा असाच आला. परत गेला नाही. इथंच लग्न केलं, इथंच पुरला गेला. त्याचं आमच्याकडं उरलं ते हे आडनाव आणि एक वाकडा खंजीर. त्या खंजिरानं माझी अम्मी पोत्याची सुतळी कापायची.

रझाकार वेगळे. हैदराबाद संस्थानाच्या शेवटच्या दिवसांत उभी राहिलेली ती संघटना, त्यातली बहुतेक माणसं इथलीच. त्यांनी गावं लुटली, जाळली, माणसं मारली. हे खरं आहे, आणि त्यातला एक शब्दही मला खोडायचा नाही. पण अरबांची तुकडी कुठली आणि रझाकार कुठले, एवढी चौकशी करायला शाळेत वेळ कुणाला होता? टोपी तयार होती, डोकं पाहिजे होतं.

अब्बा शिंपी. स्टँडजवळ टपरीएवढ्या दुकानात त्यांची मशीन. गुरुजींनी निरोप धाडला की तुम्ही शिंपीच आहात, तर पोराचा ड्रेस तुम्हीच शिवा. अब्बांनी शिवला. खाकी सदरा, दोन खिसे, खांद्यावर पट्ट्या. ईदच्या कपड्याला घेतात तशीच मेहनत घेतली, काजं हातानं केली. मी मशीनजवळ बसलो होतो. सदरा उलटा केला तेव्हा दिसलं, बगलेखालच्या दोन्ही शिवणींत चांगला चार-चार बोटं कपडा दुमडून आत ठेवला होता. शिंपी त्याला माया म्हणतात. पोर वाढलं की शिवण उसवायची, आतला कपडा बाहेर काढायचा, सदरा मोठा होतो. इतका कपडा आत कशाला, असं मी विचारलं.

“अगले साल काम को आता,” अब्बा म्हणाले.

मला वाटलं, बाप काटकसरी आहे.

नाटकात मी तीन वेळा ओरडायचो आणि मग मार खायचो. काठ्या खोट्या, मारणं हळू, असं ठरलेलं. पण समोर गाव बसलेलं असलं की पोरांच्या अंगात येतं. सहावीच्या वर्षी ओठ फुटला. रक्त दिसल्यावर टाळ्या वाढल्या. देशमुखांच्या मुलानं छातीवर पाय ठेवला आणि ठरल्यापेक्षा जास्त वेळ ठेवला. पडदा पडल्यावर मी रडायला लागलो तेव्हा गुरुजी पाठीवर थाप मारून म्हणाले, रझाकार रडत नसतात. आणि हे त्यांनी प्रेमानं म्हटलं होतं, याचाच मला आज जास्त राग येतो.

पाचवी ते दहावी. सहा वर्षं. दर ऑगस्टला अब्बा पेटीतून सदरा काढायचे, ब्लेडनं शिवण उसवायचे, पुन्हा घालायचे. नाटक एक दिवसाचं, नाव मात्र वर्षभर पुरायचं. क्रिकेटला टीम पाडताना, “रझाकार तुमच्याकडं घ्या.” दुकानात, “काय रझाकार, काय पाहिजे?” मी लगेच हजर व्हायचो. हाक मारली की वळून पाहायचो. ही लाज अजून गेलेली नाही.

मग मी इतिहास घेतला. चिडून घेतला म्हणा. नांदेडच्या कॉलेजात वाचनालयाचा कोपरा धरला आणि परक्या राजासाठी लढलेल्या माणसांचं मिळेल ते वाचत सुटलो. रोमच्या फौजेत जिंकलेल्या मुलखातली पोरं भरती होत. पंचवीस वर्षं घासायची, तेव्हा कुठं रोमचा नागरिक म्हणून कागद मिळायचा. फ्रान्सनं तर परदेशी माणसांची वेगळी फौजच उभारली. नेपाळचे गुरखे इंग्रजांसाठी जगभर मेले. आणि अरब? ते पेशव्यांच्या पदरीही होते. पुण्यात पगार घेणारा अरब आणि हैदराबादेत पगार घेणारा अरब, दोघं एकाच बंदरातून आलेले असतील. पुण्याच्या अरबाला कुणी नाटकात उभं करत नाही. आजही पोटासाठी दुसऱ्याच्या लढाईत शिरणारी पोरं आहेतच, बातम्या येतात. बोलावणारा राजा इतिहासात शहाणा ठरतो आणि आलेल्याच्या पोरांना सात पिढ्या विचारतात की तुम्ही कुठले.

गेली नऊ वर्षं मी लातूरकडच्या मुरुडजवळ एका खासगी शाळेत शिकवतो. इतिहास आणि मराठी. नवा माणूस भेटला की हमखास म्हणतो, सर, तुमचं मराठी छान आहे हो. मी म्हणतो, तुमचंही. माझ्या कायम मान्यतेची फाइल संस्थेच्या अध्यक्षांच्या कपाटात आहे. ते सही करतील तेव्हा ती पुढं सरकणार. कपाटाची किल्ली साहेबांच्या खिशात, आणि साहेबांना ते ठाऊक आहे.

यंदा जुलैत त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. मुक्तिदिनाला शाळेचा मोठा चित्ररथ काढायचा होता, बाहेरून पाहुणे येणार होते. रझाकारांचा म्होरक्या कोण करणार, यावर आधीच बोलणं झालेलं दिसत होतं. कुणीतरी उमरीची माझी कीर्तीही पोचवली होती.

“सर, तुम्हीच करायचं. चेहरा बसतो तुमचा. आणि तो घरातला खंजीर पण आणा, ओरिजिनल पाहिजे.”

मी अडतीस वर्षांचा माणूस. वर्गात साठ पोरं माझ्यासमोर मान वर करून बसतात. आणि मी हो म्हणालो. लगेच म्हणालो. इतक्या लगेच की साहेबांना माझ्या फाइलचा उल्लेखसुद्धा करावा लागला नाही. केबिनच्या बाहेर येऊन मी पाणी प्यालो आणि पुढच्या तासाला जाऊन सातवाहन शिकवले.

रविवारी उमरीला गेलो. अब्बा आता सत्तरीचे, डोळ्यांना कमी दिसतं, तरी मशीन सोडलेली नाही. मी सांगितलं. ते उठले, पेटी उघडली आणि तळातून तो सदरा काढला. दहावीनंतर बावीस वर्षं जपून ठेवलेला. मशीनवर उलटा पसरला आणि सवयीनं ब्लेड घेऊन शिवण उसवायला लागले.

तेव्हा मी तो कपडा नीट पाहिला. शिवण उसवली की सुईच्या भोकांची रेघ मागं राहते आणि तिच्या आतला कपडा उन्हा-धुण्यातून वाचलेला, जास्त गडद असतो. बगलेपासून कडेपर्यंत सहा रेघा होत्या. प्रत्येक वर्षाची एक. पहिली पाचवीची. दुसरीजवळ एक तपकिरी डाग, तो ओठ फुटला त्या वर्षाचा. मी बोट लावून मोजत गेलो. शेवटची रेघ कडेला टेकली होती.

“अब इसमें कपडा नै बचा,” अब्बा म्हणाले. “नवा सिलना पडता. नाप दे.”

ते गळ्यातला टेप काढून माझ्यासमोर आले. छाती मोजली. खांदा मोजला. आकडे मोठ्यानं म्हणत होते. मग बगलेत टेप धरून थांबले आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाला विचारतात तसं विचारलं,

“अंदर कितना छोडूं?”

अडतीसाव्या वर्षी. बाप विचारत होता, पुढच्या किती वर्षांसाठी जागा ठेवू. त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच कपड्याचा अंदाज हवा होता. पहिल्याच वर्षी, मी दहा वर्षांचा असताना, त्यांना कळलं होतं की पुढच्या वर्षीही माझंच नाव येणार. शाळेत जाऊन भांडणं त्यांच्या ताकदीतलं नव्हतं. सदरा अंगाला काचू नये, एवढं त्यांच्या हातात होतं, ते त्यांनी केलं. मला काटकसर वाटली होती.

“नक्को सिलो, अब्बा.”

त्यांनी टेप सोडला नाही. नोकरीचं काय, एवढंच विचारलं. बघू, मी म्हणालो. संताप आला होता. गुरुजींचा, साहेबांचा, आणि सगळ्यात जास्त माझ्या त्या झटकन दिलेल्या होकाराचा. अब्बा सदरा पुन्हा पेटीत ठेवायला निघाले. मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि माझ्या पिशवीत टाकला. खंजीर तिथंच राहिला, सुतळी कापायला.

सोमवारी स्टाफरूमच्या फळ्याजवळ चित्ररथाची यादी लागलेली होती. रझाकार म्होरक्या, आणि पुढं माझं नाव. मी लाल पेनानं ते खोडलं. खाली सही केली, आडनावासकट. चार शिक्षक चहा पीत होते. 

मुख्याध्यापकांनी बाजूला घेतलं. माणूस वाईट नाही. माझ्या मुलीच्या ॲडमिशनला स्वतः चालत आले होते. त्यांनी मार्ग काढून आणला होता.

“सर, तुमच्या आजोबानं त्या टायमाला लई लोकं वाचवली म्हणं. तेच सांगा की स्टेजवर. टाळ्या पडतील, साहेब खूश, फाइल पण सरकंल.”

“आणि वाचवली नसती तर?”

ते मग म्हणाले, एक दिवसाचं तर हाय हो सर. मी म्हणालो, माझा एक दिवस सहा वर्षं चालला.

माझे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, अठ्ठेचाळीस साली तेवीस वर्षांचे होते. तालुक्याच्या खजिन्यावर पहारा द्यायचे. त्या दिवसांत त्यांनी काय केलं, दार उघडलं की लावून घेतलं, ते मला ठाऊक आहे. अब्बांनी सांगितलंय. मुख्याध्यापकांना मी सांगितलं नाही आणि इथंही सांगणार नाही. चांगलं निघालं तर टाळ्या, वाईट निघालं तर काठ्या, आणि मी मधे कागद हातात धरून उभा. मला ती रांगच नको. साहेबांच्या आजोबांचा फोटो हार घालून शाळेच्या दारात आहे. त्या काळात त्यांच्या कोठारातलं धान्य कुणाकडं जायचं, यावर म्हातारी माणसं काहीबाही बोलतात. खरं-खोटं मला माहीत नाही आणि त्यावरून मी साहेबांना जोखणार नाही. पण साहेबांकडं आजोबांचा दाखला आजवर कुणीही मागितलेला नाही.

सतरा तारखेला मी शाळेत होतो. झेंड्याला सलाम केला. हा दिवस माझाही आहे, माझ्याही घराचा राजा त्या दिवशी गेला आणि मी नागरिक झालो. नंतर चित्ररथ निघाला. म्होरक्याच्या जागी सातवीतल्या एका तांबोळी पोराला उभं करायला निघाले होते. मी मधे उभा राहिलो. शेवटी ड्रॉइंगच्या सरांनी टोपी घातली. ते देशपांडे. त्यांना काही झालं नाही, दुसऱ्या दिवशी त्यांना कुणी रझाकार म्हटलं नाही.

मला नोटीस आली. राष्ट्रीय कार्यक्रमात सहकार्य का केले नाही, तीन दिवसांत लेखी खुलासा द्या. फाइल कपाटात आणखी खाली गेली असणार.

हाच माझा खुलासा. मी रझाकारांचा धडा शिकवीन, जाळलेल्या गावांसकट. आमच्या तुकड्यांचा शिकवीन, त्यांना कुणी बोलावलं आणि कशासाठी वापरलं त्यासकट. ज्यांनी दोन्हीकडं संधान बांधलं त्यांचाही शिकवीन. पण ती टोपी माझ्या डोक्यावर चढणार नाही, आणि मी असेन त्या शाळेत आडनाव बघून कुठल्या पोराच्या डोक्यावर चढू देणार नाही. पुढच्या वर्षी माझं नाव लिहिलंत, तर पुढच्या वर्षीही खोडीन.

सोबत जोडले आहे: खाकी सदरा, एक नग. उलटा करून शिवणी तपासाव्यात. आत कपडा शिल्लक नाही.