तारमास्तरांचा रेडिओ

यंत्राला घाबरणारी माणसं आमच्या तिसगावात पुष्कळ होती आणि यंत्रावर भाळणारी त्याहून जास्त होती. पण उंबऱ्याशी आलेल्या प्रत्येक यंत्राची उभं राहून उलटतपासणी घेणारा माणूस सबंध पाथर्डी तालुक्यात एकच होता, आणि तो आमच्या शेजारच्या घरात राहत होता. पोस्टातून तारमास्तर म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ गावात शेवटपर्यंत तारमास्तरच राहिले. मी त्यांना मास्तरकाका म्हणायची. उंच, किडकिडीत, पांढरी टोपी, आणि उजव्या हाताची दोन बोटं रिकाम्या वेळी कशावर ना कशावर कडकट्ट करत असायची. तीस वर्षं तारा पाठवून त्या बोटांना लागलेली सवय पेन्शनीतही सुटली नव्हती. चहाच्या कपाच्या कडेवर ती वाजू लागली की काकू म्हणायच्या, झाली तार सुरू.

नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीत वस्तूंची नुसती रीघ लागली होती. रंगीत टीव्ही आला, मिक्सर आला, गाणारं घड्याळ आलं. कुणाकडे काही आलं की ते आधी मास्तरकाकांना दाखवायचा प्रघात पडला होता, आणि काका चष्मा पुसून तीन गोष्टी विचारायचे. लाईट गेल्यावर हे काय करतं? बिघडलं तर तिसगावात कोण उघडतं, का शेवगावला न्यावं लागतं? आणि तिसरा प्रश्न ऐकून मालक हमखास गडबडायचा: हे आपल्याबद्दल कुणाला काय सांगतं? मिक्सर या परीक्षेत पहिल्या झटक्यात पास झाला, कारण तो दळतो आणि गप्प बसतो, असं काकांचं मत पडलं. टीव्ही पास झाला, पण रिमोट नापास. टीव्ही लावायला आणि बंद करायला उठावं लागलं, तर माणूस निदान उठण्याइतका तरी विचार करतो, हा त्यांचा मुद्दा. त्यांच्या घरचा रिमोट कपाटात, मूळच्या प्लास्टिकच्या पिशवीत, सेलशिवाय पडून होता. पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलानं एकदा मोठ्या कौतुकानं फोनला जोडायचं कॅसेटचं यंत्र आणलं. घरी कुणी नसलं तर ते आपण होऊन बोलायचं, की आम्ही बाहेर गेलो आहोत, निरोप ठेवा. काकांनी ते पुरतं ऐकून घेतलं आणि मुलाला शांतपणे विचारलं, घराला कुलूप हाय ही बातमी फोन करील त्याला सांगायची, मंग कुलूप कशाला लावायचं? यंत्र त्याच बसनं पुण्याला परत गेलं.

काकांच्या शंका नुसत्या बोलायच्या नव्हत्या, ते त्यांचे प्रयोग करत. एका दिवाळीत शेवगावच्या एका टीव्हीच्या दुकानात सोडतीची कुपनं फुकट वाटत होते. नाव, पत्ता, वय, धंदा, घरात माणसं किती, सगळं भरायचं आणि पत्र्याच्या पेटीत टाकायचं. लोक रांगा लावून आपली कुंडली त्या पेटीत टाकत होते. काकांनीही एक कुपन मागून घेतलं आणि त्यावर आपल्या शेळीचं नाव घातलं. चंद्राबाई, वय चार, धंदा दूध, पत्ता आमच्याच गल्लीचा. बक्षीस काही लागलं नाही, पण दोन महिन्यांनी श्रीमती चंद्राबाईंना साड्यांच्या सेलचं कार्ड आलं. मग बियाण्याचं पत्रक आलं, मग गुडघेदुखीच्या तेलाचं. काकांनी ती सगळी पत्रं सुतळीत ओवून ठेवली आणि येईल त्याला दाखवू लागले. चंद्रीचं नाव आपण आयुष्यात एकाच पेटीत टाकलं होतं, तेव्हा ते बाकीच्या गावांना कुणी सांगितलं हे शोधायला आता पोलीस नको, असं त्यांचं म्हणणं. शेवटी एक दिवस टाय लावलेला विम्याचा एजंट लुनावरून घाम पुसत आला आणि चंद्राबाई घरी आहेत का म्हणून विचारू लागला. काका म्हणाले, "मागं बांधल्यात, या की." तो बिचारा खरंच मागं गेला. परत आला तेव्हा त्याच्या एका कागदाचा कोपरा नाहीसा झाला होता. काकांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि हे नाव तुला कुठून मिळालं ते सांगितल्यावरच चहा मिळेल अशी अट घातली. एजंटनं चहा घेतला. त्या दिवसापासून आमच्या गल्लीनं कुपनं भरणं सोडलं. काही चाणाक्ष लोकांनी मात्र आपापल्या म्हशींची नावं द्यायला सुरुवात केली.

असा हा माणूस, आणि गल्लीतला पहिला फोन नेमका त्यांच्याकडे आला. तोही काय दिमाखानं! स्वतः खात्यातले, त्यामुळे नंबर लवकर लागला. साहजिकच सगळ्या गल्लीनं आपापल्या पाहुण्यांना काकांचा नंबर देऊन टाकला. ज्याच्याकडे फोन नाही त्यानं शेजाऱ्याचा नंबर द्यायचा, त्याला तेव्हा पीपी नंबर म्हणत. बाकी ठिकाणी पीपीच्या फोनची तऱ्हा अशी की बोलणारा बोलतोय आणि घरचे सगळे भाजी निवडण्याचं निमित्त करून त्याच्या तोंडाकडे बघतायत. काकांकडे उलटं. फोन आतल्या खोलीत, खिडकी नसलेल्या कोनाड्यात ठेवलेला. ज्याचा फोन त्याला हाक मारून आणायचं, रिसीव्हर हातात द्यायचा, आणि मग काका एका हातानं काकूंना आणि दुसऱ्या हातानं रेडिओला घेऊन घराबाहेर पडायचे. ओट्यावर बसून रेडिओ पूर्ण आवाजात लावायचे. बाजारभाव लागू दे नाहीतर नुसती खरखर, आतलं अक्षर कानावर पडता कामा नये. काकूंची चुलीवरची भाकरी किती वेळा करपली त्याला गणती नाही. पावसात दोघं डोक्यावर पोतं घेऊन आपल्याच घराबाहेर बसलेली मी पाहिली आहेत.

ऊसतोडीला गेलेल्या माणसांचे फोन कारखान्यांकडून यायचे. पलीकडच्या म्हातारीचा मुलगा असाच जायचा. म्हातारीचा समज असा की कारखाना लांब आहे म्हणून आवाज मोठा लागतो. ती आत ओरडायची ते एसटी स्टँडवर ऐकू जायचं, आणि काका बाहेर रेडिओचं बटण पिळून पिळून तिच्याशी टक्कर घ्यायचे. खरी गंमत म्हणजे या रेडिओमुळेच गल्लीला कळायचं की कुणाचा तरी फोन आलाय. लोक ओट्याभोवती जमायचे आणि आतून येणाऱ्याचा चेहरा वाचायचे. मी एकदा हे काकांना सुनावलं. ते म्हणाले, "त्वांड बघू दे. त्वांडावर काय आणायचं ते ज्याचं त्यो ठरवतो. शब्द एकदा दुसऱ्याच्या कानात गेला की आपला ऱ्हात न्हाई." आणि बोटं ओट्याच्या फरशीवर कडकट्ट करू लागली. मला वाटायचं, म्हाताऱ्याचं हे खूळ खात्यातनं आलेलं आहे. काही अंशी ते खरंही होतं.

मी तेव्हा बीए होऊन तलाठ्याची परीक्षा दिली होती. निकालाची यादी नगरला कचेरीत लागली आणि मी एकटीच बघायला गेले. यादीत माझं नाव होतं. मी ते तीनदा वाचलं, बोट ठेवून वाचलं, आणि धावत समोरच्या एसटीडी बूथमध्ये शिरले. फोन काकांनीच उचलला. माझ्या तोंडून "मास्तरकाका, मी" एवढंच निघालं, तोच ते पलीकडून म्हणाले, "थांब पोरी. काय आसंल ते आईला सांग. मला सांगू नगं." मला राग आला. पोटात आनंद मावत नाही, बूथमधले तांबडे आकडे पळतायत, आणि हा माणूस ऐकायला तयार नाही. रिसीव्हर बाजूला ठेवल्याचा आवाज आला, मग काकांची हाक, मग कितीतरी वेळानं आईचा श्वास, आणि त्यामागं फुल आवाजात कांद्याचे भाव. मी आईला सांगितलं. "बरं, ये घरी," एवढं म्हणून तिनं फोन ठेवला.

तिसगावला उतरले तर त्या दिवशी बाजार. शेंगदाणेवाल्यानं मला बघून आख्खं माप ओंजळीत ओतलं आणि म्हणाला, "तलाठीणबाई, घ्या." बांगड्यावालीनं विचारलं, सातबारा कधी देणार? मेंढ्या घेऊन आलेल्या एका अनोळखी माणसानं मला रामराम घातला. सबंध बाजाराला माहीत होतं. मी तावातावानं घर गाठलं. म्हणजे शेवटी ऐकलंच की तुमच्या मास्तरांनी, असं काहीतरी आईला म्हणाले. आई जात्यापाशी बसली होती. तिनं मला शेजारी बसवलं आणि आजवर कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली.

आई याच गावची, खालच्या गल्लीतली. सातवी पहिल्या नंबरानं पास झाल्यावर तिनं शाळेतल्या बाईंच्या मदतीनं नर्सच्या शिक्षणासाठी अर्ज केला होता. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. बोलावणं आलं की ते घेऊन बाई स्वतः येणार, आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, गोडीनं समजावणार, असं ठरलं होतं. बोलावण्याची तार आली ती तारमास्तरांच्या हातात. ते नवे होते, तरुण होते, आणि गावातली पोर एवढं शिकणार म्हणून हरखून गेले होते. ती तार लिहून घेऊन ते बाहेर पडले तर बाजारात समोर आजोबाच. मास्तरांनी भर बाजारात त्यांचा हात धरून अभिनंदन केलं. चार भावकीतली माणसं शेजारी उभी होती. "तार माझ्या हातात आली तवर सगळ्या बाजारानं वाचली हुती," आई म्हणाली. पंधरा दिवसांत तिचं लग्न झालं, गावातल्या गावात, वरच्या गल्लीत. माझे वडील फार भले, त्याबद्दल आईची काही तक्रार नव्हती. पण ती तार तिनं ट्रंकेच्या तळाशी ठेवली होती, आणि मला ती त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.

"मास्तरांनी कधी माफी मागितली न्हाई," आई म्हणाली. "मीबी कधी बोलले न्हाई. फोन आल्यापासनं नुसतं घर रिकामं करून द्याया लागले."

आणि आज? आज फोन ठेवून आई बाहेर ओट्यावर आली. तिनं स्वतःच्या हातानं रेडिओ बंद केला आणि काकांपुढं उभी राहून म्हणाली, "मास्तर, ही बातमी मी आदी ऐकली. आता तुमी बाजारात सांगा." काकू म्हणतात, काका डोळे पुसत होते. मग उठले, नवी टोपी मागितली, आणि बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेका पालापाशी थांबून सांगत गेले. जाताना मागच्या दारी चंद्रीलाही सांगून गेले म्हणे.

मास्तरकाका जाऊन आता बरीच वर्षं झाली. तारखातंही बंद झालं. माझ्या हातातला फोन मला दिवसातून दहा वेळा परवानगी विचारतो, आणि मी न वाचता बोट लावते. मग काकांचा तिसरा प्रश्न आठवतो आणि ओशाळायला होतं. त्यांची बाकी शिकवण माझ्याच्यानं पाळली गेली नाही. एक तेवढी अंगवळणी पडली आहे. लेकीचा फोन वाजला की मी हातातलं काम टाकून गॅलरीत जाते. ती हसते, म्हणते, आई, मैत्रिणीचाच आहे गं, बस की इथंच. मी बसत नाही. बाहेर कठड्याला टेकून उभी राहते, तिचं बोलणं संपेपर्यंत, आणि माझी दोन बोटं आपोआप कठड्यावर वाजत राहतात.