आत्याचा हात

प्रवासी गाड्यांचे डबे बनवणाऱ्या त्या कारखान्यात आत्याच्या हाताला जेवढा मान होता, तेवढा मोठ्या साहेबांनाही नव्हता. भाचा तिथेच वेल्डर, म्हणून ही सगळ्या खात्याची आत्या. वेल्डिंगच्या उष्णतेने डब्याच्या भिंतीचा पत्रा कुठे फुगतो, कुठे दबतो. नुसत्या डोळ्यांना कळत नाही. रंग चढला की मात्र सगळं उघडं पडतं. आत्या डोळे मिटून वीस-बावीस मीटरच्या भिंतीवरून तळवा फिरवत जायची आणि मध्येच खडूने गोल काढायची. त्या गोलावर गॅसची ज्योत धरायची, पत्रा लाल झाला की वर ओलं फडकं. पत्रा आकसून सरळ व्हायचा. फोरमन मागाहून पट्टी लावून बघे. एकोणीस वर्षांत तिचा एक गोल चुकला नव्हता. त्याला हे काहीतरी दैवी वाटायचं, आणि त्याचं हे कौतुक ऐकून घरी बायकोचे कान किटले होते.

या वर्षी कामगारांचे हात पहिल्यांदाच तपासले गेले. डॉक्टरांची चिठ्ठी आली, ती फोरमनने दोनदा वाचली. ‘दोन्ही हातांना स्पर्श कळत नाही. या कामावरून हलवावे.’ वेल्डिंगचे सांधे घासायचं थरथरतं यंत्र वर्षानुवर्षं धरून नसा गेल्या होत्या. चिठ्ठीवर सही फोरमनची लागणार होती. सही झाली की आत्याची रवानगी भांडारात, नटबोल्टच्या खोक्यांत.

सही करायला मन धजेना. न करावी, तर वाकडे डबे बाहेर जाणार, तेही त्याच्याच सहीने. शेवटी त्याने ठरवलं की एक नवी भिंत आपण आधी गुपचूप पट्टीने तपासायची आणि मग आत्याची परीक्षा घ्यायची. दुसऱ्या दिवशी तो तासभर लवकर आला.

आत्या आधीच हजर होती. चष्मा काढून, डावा गाल भिंतीला लावून ती इंच इंच पुढे सरकत होती. मध्येच थांबली आणि खडूचा ठिपका दिला, शोधल्याशिवाय दिसू नये इतका बारीक.

“आत्या, हे काय चाललंय?”

ती दचकली नाही. “चिठ्ठी आली वाटतं.”

“हाताला कधीपासून कळत नाही?”

“झाली असतील चार वर्षं.”

“मग रोज आमच्यासमोर हात फिरवता तो?”

“तो तुमच्यासाठी रे बाबा. तुम्हाला हात बघायची सवय. डोळे मिटल्यासारखे करून मी सकाळचे ठिपके बघत जाते. मी डब्याला गाल घासतेय म्हटल्यावर हसून मेले असते सगळे.”

फोरमनने ठिपक्यावर पट्टी ठेवली. खाली केसाएवढी फट होती. त्याने स्वतःचा गाल लावून पाहिला. गार लागलं, बाकी काही नाही. चार वर्षांत किती गाड्या गेल्या असतील, याचा त्याने मनात हिशेब केला. एवढं सगळं या बाईने एकटीने केलं आणि आपल्याला पत्ता नाही, याची त्याला लाजही वाटली. त्याने चिठ्ठी काढून डॉक्टरांच्या ओळीखाली लिहिलं, ‘काम हाताने होत नाही. हलवू नये.’ आणि सही ठोकली.

भोंगा झाला. माणसं आत आली. आत्याने सवयीने तळवा उचलला.

“हात राहू द्या,” फोरमन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “रोज भोंग्याआधी करता तसं करा.”

आत्या कानापर्यंत लाल झाली. पदर खोचून तिने भिंतीला गाल लावला आणि डोळे मिटले. कोणी हसलं नाही. पलीकडे भाचा घासायचं यंत्र सुरू करणार होता, त्याने ते हळूच खाली ठेवलं.